डोक्याचा आजार आणि हातून घडलेला खून
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



आजच्या बोलण्याचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले. मागल्या महिन्यात आपण उपासाचे पदार्थ केले, त्याच्या आधी बचतगटाचा हिशेब समजावून घेतला, आणि आता एकदम खून! आमच्या घरीही हेच झाले. "शुभकार्याच्या वर्षात हे कसले अभद्र काढलेस?" असे ऐकून घ्यावे लागले. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो आपल्याच गल्लीतून माझ्याकडे चालत आला आहे.

आपल्या मागच्या गल्लीत एक कुटुंब भाड्याने राहते. त्यांचा मुलगा चाकणकडे कारखान्यात कंत्राटी कामावर होता. तो आजारी पडला, दोन महिने येरवड्याच्या रुग्णालयात राहिला आणि आता गोळ्यांवर घरी आला आहे. त्याला घरात ठेवू नये, कुटुंबाला खोली खाली करायला सांगावे, असा अर्ज घरमालकाला द्यायचे चालले आहे. त्या अर्जात एक वाक्य आहे: "वेडा माणूस केव्हा कोणाचा जीव घेईल याचा नेम नाही." त्या वाक्याखाली आपल्यातल्याही काही जणींच्या सह्या आहेत. त्या मुलाच्या आईला विचारूनच मी हे इथे बोलते आहे. ती म्हणाली, "बोला बाई, पण खोटे काही सांगू नका. तो कधी काही करणारच नाही असेही सांगू नका. मलाच ते ठाऊक नाही."

तेव्हा आज मी तेवढेच करणार आहे. हे वाक्य खरे किती आणि खोटे किती, ते पाहू. मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे; शाळा सातवीपर्यंत झाली. पण माझा पुतण्या वकिली शिकतो, त्याने कोर्टाचे निकाल मराठीत समजावून सांगितले, आणि एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दुपारी माझ्यासाठी खर्ची घातल्या.

पुण्याच्या अंगणात वाढलेल्या आपल्यापैकी कोणालाही २५ जानेवारी २०१२ ची सकाळ आठवेल. स्वारगेटच्या आगारातून संतोष माने नावाच्या एस.टी. चालकाने बस बाहेर काढली आणि गर्दीच्या रस्त्यांवरून बेफाम हाकीत नेली. नऊ माणसे मेली, तिसाहून अधिक जखमी झाली. एका तरुण विद्यार्थ्याने जिवावर उदार होऊन बसमध्ये शिरून त्याला आवरले. त्यानंतर कितीतरी दिवस माणसे एस.टी.त चढताना चालकाच्या तोंडाकडे पाहून घेत. खटल्यात असे मांडले गेले की हा मनाने आजारी होता, पूर्वी त्याच्यावर उपचार झाले होते. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने २०१४ साली ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी तो वेडाच्या भरात असल्यामुळे निर्दोष आहे ही मागणी मान्य केली नाही. मात्र त्याच्या मनावरच्या ताणाचा विचार करून फाशीची जन्मठेप केली.

माझ्या पुतण्याने इथे मला थांबवले आणि म्हणाला, "काकू, आता दुसरा निकाल ऐका." हा निकाल फारसा कोणाला ठाऊक नाही, कारण त्यात मेली ती एकच बाई, आणि तीही स्वतःच्या घरात.

आपल्याच महाराष्ट्रातला एक पोलीस शिपाई. त्याच्या वडिलांनाही मनाचा आजार होता. १९९२ पासून त्याच्यावर उपचार चालू होते. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले होते स्किझोफ्रेनिया, त्यातला संशयाचा प्रकार. त्याला नोकरी सोडायची होती आणि बायकोचा त्याला विरोध होता. नवऱ्याची सरकारी नोकरी जाऊ नये असे कोणत्या बाईला वाटणार नाही? २४ एप्रिल १९९४ रोजी ती धुणे धूत असताना त्याने वाटण्याचा दगड तिच्या डोक्यात घातला. दिवसाउजेडी. तो पळाला नाही, लपला नाही, काही झाकून ठेवण्याची खटपटही त्याने केली नाही. पुढे त्याच साली २७ जून ते ५ डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी रुग्णालयात न्यावे लागले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये ठरवले की आपण काय करीत आहोत हे त्या वेळी त्याला कळत नव्हते, आणि त्याला दोषमुक्त केले. मी त्याचे नाव घेत नाही. त्याच्या घरची माणसे आहेत, त्यांनाही कुठेतरी राहायचे आहे.

दोन निकालांत एवढा फरक का? भारतीय दंडविधानात ८४ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते बाविसावे झाले आहे. कलम असे सांगते की कृत्य करतेवेळी मनाच्या विकृतीमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप कळत नाही, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत नाही, त्याचे ते कृत्य गुन्हा ठरत नाही. मूळ विचार विलायतेतला. १८४३ साली मॅक्नॉटन नावाच्या माणसाने तिथल्या पंतप्रधानांच्या चिटणिसाला गोळी घातली; सरकार पक्ष आपल्या मागे लागला आहे असा त्याला भ्रम होता. त्याच्या खटल्यावरून हे नियम बांधले गेले. तेव्हा नुसते आजारी असणे पुरत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी आणि कायद्याच्या दृष्टीने भान हरपलेला, या दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या घडीला भान नव्हते हे आरोपीने दाखवून द्यावे लागते. आणखी एक. असा माणूस सुटला म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी येऊन चहा पितो, असे मुळीच नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा हुकूम करते, किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातलगाच्या हवाली करते.

म्हाताऱ्या माणसांना रमण राघवचे नाव आठवेल. १९६५ नंतर मुंबईच्या उपनगरांत रात्री उघड्यावर आणि झोपड्यांत निजलेल्यांची डोकी फोडून त्याने हाहाकार केला. ऑगस्ट १९६८ मध्ये तो सापडला, फाशीची शिक्षा झाली, पण तपासणीत तो बरा न होणारा मनोरुग्ण ठरला. १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो मेला. माझ्या सासूबाई त्या काळी मुंबईला होत्या. त्या सांगत की भर उन्हाळ्यात दारे लावून निजावे लागे. अशी माणसे फार विरळा असतात, पण लोकांच्या मनात घर करून बसतात ती हीच. पुढे ज्याला म्हणून मनाचा आजार होतो, त्याच्या कपाळी आपण रमण राघव चिकटवतो. भांडणात आपण सहज म्हणतो ना, "ह्याला येरवड्याला घाला"? त्यातलेच हे.

आता आकड्यांकडे येते. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतले ९,९६२ वादावादीतून झालेले, ३,७६१ वैरातून, १,८८४ पैशाच्या वा अन्य लाभासाठी. म्हणजे जमिनीचा बांध, उसने पैसे, जुना राग. हे सगळे करणारे बहुतेक चांगले शहाणे लोक! त्यांना खोली देऊ नका असा अर्ज कोणी करीत नाही.

पण मी त्या माउलीला शब्द दिला आहे, म्हणून उलट बाजूही सांगते. तीव्र मनोरुग्णाच्या हातून खून होण्याचा संभव इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, हे डॉक्टरीणबाईंनी लपवले नाही. "धोका मुळीच नाही असे आम्ही सांगत बसलो तर घरच्यांचा आमच्यावरचा विश्वास उडतो," त्या म्हणाल्या. धोका आहे, पण तो कोणाला, केव्हा आणि किती, हे पाहायला हवे.

केव्हा? ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी निरनिराळ्या देशांतली माहिती गोळा करून २०१० साली प्रसिद्ध केली. हा आजार पहिल्यांदा जडतो आणि उपचार सुरू व्हायचे असतात, त्या काळात साधारण ६३० रुग्णांमागे एकाच्या हातून खून घडलेला दिसला. उपचार सुरू झाल्यावर हेच प्रमाण वर्षाला सुमारे ९,००० रुग्णांमागे एक इतके खाली आले. भगिनींनो, हे दोन आकडे मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहेत. ज्याला उपचार नाहीत तो, आणि गोळ्या घेऊन गॅलरीत पेपर वाचीत बसलेला तो, या दोघांत केवढे अंतर! आपला अर्ज मात्र दुसऱ्याच्या विरुद्ध आहे. पहिला कदाचित आपल्याच इमारतीत असेल, आणि त्याच्यासाठी आपण लिंबू उतरवीत असू.

आता, कोणाला? परक्या, ओळख नसलेल्या माणसाला अशा रुग्णाने मारणे फारच दुर्मिळ. त्याच डॉक्टरांच्या मोजणीत दरसाल सुमारे दीड कोटी लोकांमागे एक एवढेच ते निघाले. मारली जातात ती बहुतेक घरची माणसे. आई, बायको, बाप, भाऊ. जी जेवायला वाढते, जी गोळी घे म्हणून मागे लागते, जी रात्री दाराशी निजते, ती. म्हणून अर्जावर सही करणाऱ्या शेजारणीला जेवढी भीती वाटते, तेवढा धोका तिला नाही. आणि ज्या आईला खरोखर धोका असू शकतो, तिला घराबाहेर काढण्याचा आपला बेत आहे. खोली बदलली की दवाखाना लांब पडतो, गोळ्या खंडतात, ओळखीची माणसे तुटतात. धोका गल्लीबाहेर गेला असे आपल्याला वाटेल, प्रत्यक्षात तो वाढवून आपण दुसऱ्या गल्लीला देऊ, आणि त्या आईच्या उशाशी ठेवू.

हा आजार म्हणजे नेमके काय, तेही थोडे सांगते. माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. कोणी आपल्यावर पाळत ठेवते आहे, जेवणात काही कालवते आहे, बायको परपुरुषाशी संधान बांधून आहे, असा पक्का भ्रम होतो आणि तो समजावून जात नाही. बहुधा ऐन तारुण्यात सुरुवात होते. करणी, बाहेरचे, पितरांचा कोप, यांतले काही नाही. मेंदूचा आजार आहे, कधी घराण्यात असतो, कधी नसतो. १९५२ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यावर पहिले परिणामकारक औषध सापडले. त्यापूर्वी कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. आज गोळ्या आहेत, आणि जो गोळ्या घेत नाही त्याला महिन्यातून एकदा टोचता येईल असे इंजेक्शनही आहे. २०१५-१६ च्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की तीव्र मनोविकाराच्या चार रुग्णांपैकी सुमारे तिघे उपचाराविना आहेत.

आपल्या भागाचे निराळे दुःख आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथून पोरे येतात. म्हाळुंगे, नाणेकरवाडी, भोसरीच्या खोल्यांत सहासहा जण राहतात. एक पाळी सकाळची तर दुसऱ्याची रात्रपाळी. कोण जागे आणि कोण झोपलेले हे एकमेकांना ठाऊक नसते. घरी असता तर आईच्या चार दिवसांत लक्षात आले असते की लेक जेवत नाही, रात्रभर येरझाऱ्या घालतो, एकटाच पुटपुटतो. इथे कोण पाहणार? तशात दारू आणि गांजा. या आजारात नशेची भर पडली की धोका पुष्कळ वाढतो. डॉक्टरीणबाईंनी हे तीनदा बजावले. त्या मुलाचेही असेच झाले होते. तीन महिने तो कामावर जाऊन येत होता आणि खोलीतल्यांना वाटत होते की हा जरा घुमा आहे.

बायकांपुरती एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण ती पुरुषमंडळींच्या सभेत कोणी सांगणार नाही. हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायांना बाळंत झाल्यावर पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत तीव्र वेड लागते. जुन्या बायका त्याला बाळंतवात म्हणत. झोप अजिबात लागत नाही, बाई असंबद्ध बोलते, हे बाळ माझे नव्हे, याच्यात काही शिरले आहे, असे म्हणते. क्वचित अशा अवस्थेत आईच्या हातून बाळाचा किंवा स्वतःचा जीव जातो. विलायतेत १९२२ पासून अशा आईसाठी निराळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, तिलाही त्याच मघाच्या कलमाचा आधार. तेव्हा बाळंतीण दोन रात्री न झोपता असे बोलू लागली तर "नाटके करते" म्हणू नका, आणि "दृष्ट लागली" म्हणून मीठमोहऱ्यांवर थांबू नका. बाळ दुसऱ्या बाईच्या हाती द्या, तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेवर उपचार झाले तर हा आजार चांगला बरा होतो.

घरात असे माणूस असेल तर काय करायचे, ते मी डॉक्टरीणबाईंच्याच सांगण्यावरून सांगते. भ्रमावर वाद घालू नये, आणि होला होही म्हणू नये. "तुला तसे वाटते आहे, तुला त्रास होतो आहे, हे मला कळते," एवढे पुरे. तो अमक्याला मारीन म्हणाला, आवाज मला सांगतात म्हणाला, किंवा उशाखाली सुरी ठेवू लागला, तर "बोलतो नुसता" म्हणून सोडून देऊ नका. त्या रात्री मुलाबाळांना घेऊन शेजारी निजायला जाण्यात कमीपणा नाही. शेजारणीने दार उघडावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. धोका अंगाशी आला तर ११२ ला फोन करावा. असा माणूस रस्त्यावर भटकताना सापडला आणि पोलिसांनी ताब्यात घेतला, तर त्याला कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. रुग्ण स्वतः तयार नसला आणि जिवाला धोका असला, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, तज्ज्ञांनी तपासून, प्रथम तीस दिवसांपर्यंत त्याला दाखल करता येते. साखळीने बांधणे मात्र या कायद्याने पूर्ण बंद आहे. तमिळनाडूत एरवाडी म्हणून गाव आहे, आपल्या येरवड्याशी नावाचा घोटाळा करू नका. तिथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली आणि साखळदंडांत बांधलेले २८ रुग्ण जागच्या जागी जळून मेले.

कुठे जायचे? पिंपरीला संत तुकारामनगरात आपल्या महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराचा विभाग आहे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. फोनवर बोलायचे तर १४४१६ हा सरकारी क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतही. रुग्णांच्या नातेवाइकांनी एकमेकांना धरून राहावे म्हणून पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' काढली. 'देवराई' चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा आजार घरात शिरतो म्हणजे काय होते ते निराळे सांगायला नको.

आणि हे कामगारांच्या बायकांनी लिहूनच घ्यावे. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो, त्यांना दीर्घ आजारांसाठी वाढीव रजेचा लाभ मिळतो, पगाराच्या ऐंशी टक्के, दोन वर्षांपर्यंत; आणि त्या आजारांच्या यादीत तीव्र मनोविकार आहेत. दोन वर्षांची नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असावी लागते. क्षयाला मिळते हे सर्वांना माहीत, याला मिळते हे कोणी सांगत नाही. लाजेपायी "घरगुती अडचण" लिहून राजीनामे दिले जातात. त्या मुलाचाही असाच घेतला गेला, कोणत्या कारखान्यात ते मी सांगत नाही. चिंचवडला मोहननगरात ई.एस.आय.चे रुग्णालय आहे, तिथे कागद घेऊन विचारावे.

कोणी म्हणेल, बाई, तुमच्या दारासमोर राहत असता तर बोलला असतात का? रास्त प्रश्न आहे. माझी नात त्याच गल्लीतून शाळेला जाते. म्हणून मी त्या घरी जाऊन स्वच्छ विचारले: गोळ्या कोण देते, पुढली तारीख कधीची, तो दारू पितो का, आणि बिघडू लागला तर पहिले चिन्ह कोणते? त्या आईने डब्यातून चिठ्ठी काढून दाखवली. म्हणाली, "आधी त्याची झोप जाते. दोन रात्री दिवा जळताना दिसला तर समजा." समोरच्या घरातल्या वहिनींना तो दिवा दिसतो. त्यांनी पाहायचे आणि मला फोन करायचा, मी त्या दोघांना घेऊन रुग्णालयात जायचे, असे आमचे तिघींचे ठरले आहे. सोबतीला आणखी दोघी मिळाल्या तर बरे, कारण माझे कार्तिकीला आळंदीला जाणे असते आणि वहिनी दिवाळीत माहेरी जातात.

तो अर्ज अजून घरमालकाकडे गेलेला नाही, सेक्रेटरीबाईंच्या फायलीत आहे. ज्यांना आपले नाव त्यावर ठेवायचे असेल त्यांनी ठेवावे, ज्यांना काढायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांना सांगावे.